रोग रेड्याला, औषध पखालीला: एका पेंटॅक्स के-१०००च्या शटरचं प्रकरण

तक्रार

कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. प्रिझमच्या कपाळावर ‘असाही पेंटॅक्स’ अशी अक्षरं, म्हणजे सुरुवातीच्या काळातला नग. हे मॉडेल १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलं, पण पुढच्या नगांवरून ‘असाही’ हा शब्द गेला. मालक कोल्हापूरचे एक शिक्षक. सुट्टी लागली की गड गाठायचा, कृष्णधवल रोल टाकायचा आणि तटबंद्या टिपायच्या, हा त्यांचा नाद. कॅमेरा ऑनलाइन, जुना घेतलेला. विकणाऱ्याने ‘नुकतीच पूर्ण सर्व्हिस केली आहे’ असं सांगून चार पैसे जास्तच लावले होते.

“भाऊ, निम्मा फोटो काळा येतोय बघा,” सर म्हणाले. “आणि दर वेळी येतोय असंबी नाही.”

शटर म्हणजे फिल्मवर ठरलेल्या वेळापुरताच उजेड पडू देणारा पडदा. त्याच्या तक्रारीत पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्या वाक्याकडे जास्त कान द्यावा लागतो. कायमची बिघडलेली गोष्ट शोधायला सोपी असते. कधी बिघडते आणि कधी नाही, हे कळलं की का बिघडते तेही बहुतेक वेळा कळतं. म्हणून कॅमेरा बाजूला ठेवला आणि सरांना निगेटिव्ह आणायला सांगितल्या. स्कॅन नकोत, निगेटिव्हच. लॅबचं स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा उजेड आपल्या मनाने सारखा करतं, त्यात अर्धा पुरावा पुसला जातो.

निगेटिव्ह काय सांगत होत्या

लाइट टेबलवर पट्ट्या मांडल्या. पन्हाळ्याच्या तटाचे आडवे फोटो, सगळे उन्हातले, आणि फोटोची उजवी बाजू निगेटिव्हवर जवळजवळ कोरी. काळा फोटो म्हणजे निगेटिव्हवर पारदर्शक पट्टा. तिथे उजेड पोचलाच नाही. पट्ट्याची कड कापल्यासारखी नव्हती, डावीकडून उजवीकडे उजेड ओसरत गेला होता. त्याच रोलवर घरातले आणि देवळाच्या मंडपातले फोटो मात्र अगदी ठणठणीत.

एवढ्यावरूनच बरेच संशयित सुटले. मागच्या दाराचा फोम कुजून उजेड आत शिरत असता तर फोटोत पांढरे ओघळ दिसले असते, काळोख नाही. पडद्याला भोकं पडली असती तर पांढरे ठिपके आले असते. लेन्समुळे कोपरे काळवंडतात, पण ते चारही, एकच बाजू नाही. लेन्समागचा आरसा वर जायला उशीर करत असता तर काळी पट्टी आडवी आली असती, वर किंवा खाली. डेव्हलपिंगमधली चूक असती तर तिने घरातले आणि उन्हातले फोटो असे वेगळे काढले नसते. फ्लॅश तर सरांकडे नव्हताच.

उरला तो शटरचा पडदा, आणि तोही फक्त वेगवान स्पीडवर. सर ४०० आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल वापरायचे. आपल्याकडच्या कडक उन्हात त्याला १/५०० ला, म्हणजे शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं असताना, एफ १६ लागतं; एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान. सर पिवळा फिल्टर लावायचे, तो एक स्टॉप खातो, म्हणजे उजेड निम्मा करतो, आणि त्यांना एफ ८ ची सवय. हिशोब केला की १/१००० च येतं. घरातले फोटो १/६० चे किंवा त्याहून हळू. थोडक्यात, उन्हातला फोटो म्हणजे १/१०००, आणि १/१००० म्हणजे काळी बाजू.

उभ्या फोटोंनी तर गंमत केली होती. क्लिकचं बटण वर ठेवून सर कॅमेरा उभा धरायचे, त्यामुळे काळवंडलेली बाजू बरोबर आकाशावर यायची. बुरुजावरचं ते गडद, वादळी आकाश त्यांना पिवळ्या फिल्टरची करामत वाटलं होतं. त्यातला एक फोटो त्यांनी मोठा करून शाळेत लावलासुद्धा आहे. तो काढू नका म्हटलं, चांगला आहे.

पडदे दोन, शर्यत एक

इथे थोडं थांबून शटर कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचे आकडे हवेत राहतील.

के-१००० मध्ये रबराचा थर दिलेल्या रेशमी कापडाचे दोन पडदे असतात. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला की दोन्ही पडदे त्याच्या बाजूच्या ड्रमवर गुंडाळले जातात आणि पलीकडच्या टोकाला असलेल्या रोलरमधल्या स्प्रिंगा ताणल्या जातात. बटण दाबलं की आधी आरसा वर जातो, मग पहिला पडदा सुटतो आणि फिल्मसमोरची खिडकी उघडत जातो. ठरलेल्या वेळाने दुसरा सुटतो आणि ती झाकत जातो. मागून पाहिलं तर दोघेही उजवीकडून डावीकडे धावतात. फिल्मवर चित्र उलटं पडतं, म्हणून त्यांच्या प्रवासाचा शेवट फोटोच्या उजव्या कडेला होतो.

एक पडदा ३६ मिलिमीटरची खिडकी साधारण १३ मिलिसेकंदांत ओलांडतो असं धरा. १/१००० ला दुसरा पडदा पहिल्याच्या फक्त एक मिलिसेकंद मागे असतो. म्हणजे दोघांमधली फट तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, आणि एवढीशी फट अख्ख्या फ्रेमवरून सरकत जाते. पहिला पडदा जरा जरी रेंगाळला, तर दुसरा त्याला मध्येच गाठतो. गाठला की फट बंद, आणि तिथून पुढे काळोख. १/६० ला दोघांत सोळा-सतरा मिलिसेकंदांचं अंतर असतं, तिथे एक-दोन मिलिसेकंदांचा घोळ डोळ्यांना दिसतच नाही.

म्हणजे ‘शटर स्लो झालंय’ हे निदान इथे अर्धवट ठरतं. दोन्ही पडदे सारखेच मंद असते तर फोटो सगळीकडे सारखा, थोडा जास्त उजळ आला असता. एकच बाजू काळी येते तेव्हा दोघांच्या वेगात फरक पडलेला असतो. प्रश्न उरतो तो पहिला मागे पडला की दुसरा फार पुढे धावला, एवढाच.

टीव्हीसमोर

मोजायला माझ्याकडे तीन सेन्सरचा टेस्टर आहे, तो पडद्यांच्या वाटेवर तीन जागी उजेडाची वेळ नोंदतो, पण मी सुरुवात नेहमी जुन्या, नळीच्या टीव्हीपासून करतो. टेस्टर आकडे देतो, टीव्ही चित्र दाखवतो, आणि मालकाला चित्र पटकन पटतं. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल पद्धतीचे: सेकंदाला ५० वेळा पडदा वरून खाली रंगवायचा आणि सेकंदाला १५,६२५ रेघा ओढायच्या. म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण साडेपंधरा रेघा. कॅमेऱ्याची लेन्स काढायची, मागचं दार उघडायचं, टीव्हीवर नुसता पांढरा पडदा लावायचा, आणि मागून मोबाइल एक-दोन सेकंद उघडा ठेवून मध्येच कॅमेऱ्याचं बटण दाबायचं. खोलीत अंधार हवा. एलसीडीवर हा खेळ चालत नाही.

शटरची फट आडवी सरकते आणि टीव्हीची रेघ खाली उतरते, म्हणून मोबाइलच्या फोटोत तिरका उजळ पट्टा दिसतो. त्या पट्ट्याची उभी जाडी म्हणजे त्या जागी शटर किती वेळ उघडं राहिलं ते. माझ्या टीव्हीच्या काचेची उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे, तिच्यावर एक मिलिसेकंद म्हणजे दीड सेंटिमीटरहून किंचित जास्त. पट्ट्याची वरची कड नळीच्या रेंगाळणाऱ्या उजेडामुळे धूसर येते, तिच्याकडे फार लक्ष द्यायचं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाडी सारखी आहे का, एवढंच पाहायचं.

सरांच्या कॅमेऱ्यात १/१००० ला पट्टा नीट सुरू झाला, बारीक होत गेला आणि खिडकीच्या मध्यावर येऊन संपला. सर पुढे वाकून बघत राहिले. “हा तर माझाच फोटो की,” म्हणाले.

लगेच पुन्हा क्लिक केलं. या वेळी पट्टा थोडा पुढपर्यंत गेला. आणखी काही वेळा नुसताच लिव्हर ओढून बटण दाबत राहिलो आणि परत पाहिलं. आता पट्टा शेवटपर्यंत पोचत होता, फक्त टोकाला दोऱ्याएवढा. मग कॅमेरा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पहिल्या क्लिकला पट्टा परत मध्यावर मेला.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा मला हाच वाटतो. सरांनीही आठवून सांगितलं की थंडीत पहाटे गडावर पोचल्यावरचे पहिले फोटो सगळ्यात वाईट येतात, दुपारचे बरे. स्प्रिंग ढिली असेल तर ती सकाळीही ढिली आणि दुपारीही ढिली. चार वेळा बटण दाबून तिच्यात जोर येत नाही. थंडीने आखडणारी आणि हालचालीने मोकळी होणारी वस्तू या यंत्रात एकच: रोलरच्या टोकांना लावलेलं वंगण, जे इतक्या वर्षांत घट्ट होऊन डिंकासारखं झालं होतं.

आकडे

आता टेस्टर. रात्रभर पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात पहिल्या क्लिकला पहिल्या पडद्याने खिडकी ओलांडायला १५.३ मिलिसेकंद घेतले, दुसऱ्याने १३.३. फरक दोनाचा. सुरुवातीची आघाडी एक मिलिसेकंदाची, म्हणजे अर्ध्या वाटेवर दुसरा पहिल्याला गाठणार. टीव्हीने तेच दाखवलं होतं. काही क्लिकनंतर हेच आकडे १४.६ आणि १३.२ झाले: फरक १.४, काळोख शेवटच्या सुमारे तीस टक्क्यांत. चांगला सरावल्यावर १३.९ आणि १३.१. फरक ०.८, फट शेवटपर्यंत उघडी राहते, पण उजव्या कडेला उजेड दोन स्टॉपहून जास्त कमी. हिशोब मी सरळ रेषेचा धरलाय. प्रत्यक्षात पडदे धावता धावता वेग घेतात, त्यामुळे काळोखाची कड थोडी इकडेतिकडे सरकते, पण निदानाला एवढं पुरतं.

मधला फरक, १.४ मिलिसेकंदांचा, बाकीच्या स्पीडना लावून पाहिला तर निगेटिव्हचं सगळं कोडं सुटतं. १/५०० ला एका कडेला २ मिलिसेकंद आणि दुसऱ्या कडेला ०.६, म्हणजे पावणेदोन स्टॉपचा फरक; फोटो वाया. १/२५० ला ४ आणि २.६, म्हणजे अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त. आकाश सपाट असेल तरच दिसेल. १/६० ला फरक शोधूनही सापडणार नाही. म्हणून मंडपातले फोटो ठणठणीत होते.

आकड्यांत एक खोच होती. दुसऱ्या पडद्याचा वेळ सकाळ-दुपार जवळजवळ हलतच नव्हता. सगळा चढउतार पहिल्याचा. म्हणजे वंगण दोन्हीकडे सारखं घट्ट झालेलं नाही, मुख्य अडवणूक पहिल्या पडद्याच्या रोलरला आहे. हे मोजमाप केलं नसतं तर मीही दोघांना एकच उपचार करायला बसलो असतो.

तळाचं झाकण

तळाचे स्क्रू पाहिले आणि ‘पूर्ण सर्व्हिस’ म्हणजे काय झालं होतं ते कळलं. स्क्रूंच्या डोक्यातल्या फुल्या गोलसर घासलेल्या. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. त्यात बाजारातला नेहमीचा फिलिप्स टोकाचा स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि फुली खातो. योग्य टोक मिळत नाही असं नाही, पण घ्यायचं मनावर कोण घेतो.

झाकण काढल्यावर आत पडद्यांचा ताण कमीजास्त करायच्या दोन जागा दिसतात, एक पहिल्या पडद्याची, एक दुसऱ्याची. दोन्हींवर चकचकीत ताजे ओरखडे. दोन्ही पिळलेले. रोलरच्या टोकांना मात्र कोणी हातही लावलेला नव्हता. जुन्या वंगणाचं तपकिरी कडं तसंच, त्यात बारीक धूळ रुतलेली.

घडलं असेल ते असं. आधीच्या कारागिराला शटर मंद वाटलं, त्याने दोन्ही स्प्रिंगांचा ताण वाढवला. दुसऱ्या पडद्याचा रोलर त्या मानाने मोकळा होता, त्याने वाढलेला सगळा ताण वेगात बदलला. पहिल्याचा रोलर वंगणात रुतलेला, त्याच्या वाट्याचा ताण घर्षणानेच खाल्ला. दोघांतला फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तेही दुप्पट मात्रेत. लिव्हर ओढताना हाताला जड लागत होता, तोही यामुळेच. सरांना वाटलं होतं जुने कॅमेरे असेच असतात.

यात कारागिराला फार बोल लावावा असंही वाटत नाही. ताणाचा स्क्रू झाकण काढताच समोर असतो, फिरवला की त्या दिवशी फरक दिसतो, गिऱ्हाईक कॅमेरा घेऊन जातं. साफसफाईला वरचं कव्हर काढावं लागतं, वेळ जातो, आणि तेवढे पैसे द्यायची कोणाची तयारी नसते. तरीही माझा आग्रह एकच आहे: पडदा मोकळा झाल्याशिवाय ताणाला हात लावायचा नाही. घट्ट रोलरवर ताण वाढवला की जास्तीचा जोर पडदा ओढणाऱ्या फितींवर आणि त्या चिकटवलेल्या सांध्यांवर पडतो. सांधा सुटला तर नवा पडदा घालण्याचं काम निघतं, आणि ते या किमतीच्या कॅमेऱ्याला परवडत नाही.

दुरुस्ती

आधी ताणाच्या दोन्ही जागांवर बारीक मार्करने खुणा केल्या, म्हणजे सध्याची जागा हरवणार नाही. मग वरचं कव्हर. रिवाइंडची मूठ, लिव्हर, स्पीडची डायल, सगळं उतरवावं लागतं, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. वॉशर कुठला वर आणि कुठला खाली हे नंतर आठवत नाही.

अंधारात पडद्यांमागे टॉर्च धरून भोकं आहेत का ते पाहिलं. नव्हती. कापड मऊ होतं, सुरकुत्या नव्हत्या. इथे भोकं निघाली असती तर पुढची सगळी मेहनत थांबवून सरांशी वेगळं बोलावं लागलं असतं.

सफाईला लायटर फ्लुइड. जाड सुईच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि रोलरच्या टोकाला, जिथे तो पट्टीतल्या भोकात फिरतो तिथे, नुसता टेकवायचा. थेंब आत ओढला जातो. मग लिव्हर ओढा, बटण दाबा, पुन्हा ओढा, पुन्हा दाबा. विरघळलेलं वंगण कडेला येतं, ते टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. पहिल्या पडद्याच्या रोलरपाशी टिश्यूवर आधी गडद तपकिरी डाग उमटला, मग चहासारखा, मग फिकट. कोरा टिश्यू कोराच राहिला तेव्हा थांबलो. खालची टोकं सोपी असतात, वरच्यांना वाकड्या सुईशिवाय गत्यंतर नाही.

बाटलीतून ओतायचं, कापूस भिजवून चोळायचं, असले प्रकार नकोत. फ्लुइड पडद्याच्या रबरापर्यंत किंवा चिकटवलेल्या फितींपर्यंत गेलं तर नुकसान, आणि प्रिझमकडे गेलं तर व्ह्यूफाइंडरमध्ये कायमचा डाग. कॅमेरा कुठल्या बाजूला कलता धरायचा हे थेंब टाकण्याआधी ठरवावं.

सुकल्यावर घड्याळाचं तेल, तेही सुईच्या टोकाला लागेल एवढंच. घराघरात शिलाई मशीनचं तेल असतं आणि ते कॅमेऱ्यात घालायचा मोह होतो. ते पसरतं, आणि आपल्या उन्हाळ्यात आणखी पसरतं. वर्षभराने पडद्यावर तेलाचा नकाशा दिसतो. गंज सोडवायचा फवारा मारणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

हळू स्पीडची गिअरमाळ वेगळी असते. १/३० पासून खाली दुसऱ्या पडद्याला धरून ठेवायचं काम तिचं. एक सेकंदाला तिचा टर्रर्र असा एकसारखा आवाज यायला हवा. या कॅमेऱ्यात तो मध्येच अडखळायचा. तिलाही त्याच पद्धतीने थेंब दिला आणि आवाज सलग झाला. हे स्पीड तपासायला टेस्टरचीही गरज नाही, मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढून फ्रेमा मोजल्या तरी चालतं. एक फ्रेम चार मिलिसेकंदांहून थोडी जास्त असते, म्हणून १/१५ पर्यंत ठीक, १/१००० ला निरुपयोगी.

आरशावरचा फोम हाताला डांबरासारखा चिकटत होता. तो खरवडून काढला, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवा लावला. दाराचा फोमही.

बरा झाला आणि नवीनच दुखणं

ताणाला अजून हात लावला नव्हता. नुसत्या सफाईनंतर टेस्टरवर आकडे आले: पहिला ११.३, दुसरा ११.२. फरक नाहीसा. सकाळी पहिल्या क्लिकलाही तेच, संध्याकाळीही तेच. टीव्हीवरचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा.

पण तिसऱ्या सेन्सरवर, जिथे पडद्यांचा प्रवास संपतो तिथे, मुख्य उजेडानंतर लगेच आणखी एक बारीक उजेड नोंदला जात होता. दुसरा पडदा इतक्या जोरात येऊन आदळत होता की थांबण्याऐवजी किंचित मागे उसळायचा आणि कडेला क्षणभर फट पडायची. फोटोत याची उजव्या कडेला उभी पांढुरकी रेघ येते. आधी काळी बाजू होती, आता तिथेच उजळ रेघ आली असती.

कारण उघड होतं. रोलर मोकळे झाले आणि आधीच्या कारागिराने भरलेला जास्तीचा ताण आता पूर्ण वेगात उतरला. तेव्हा ताण कमी केला. आधी पहिल्या पडद्याचा, अगदी थोडा फिरवून मोजायचं, पुन्हा थोडा फिरवून मोजायचं. इथे स्क्रू ड्रायव्हरवरची पकड सुटू द्यायची नाही. अडकण निसटली तर स्प्रिंग सर्रकन पूर्ण उलगडते आणि खुणा केलेल्या असूनही सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. पहिला १३.० वर आणला, मग दुसरा त्याच्या जोडीला, १२.९ वर. उसळी गेली. लिव्हर हलका झाला.

१३ हाच आकडा का, तर त्याला थोडा तर्क आहे आणि थोडी आवड. १/६० ला फ्लॅश चालायचा म्हणजे पहिला पडदा पूर्ण उघडल्यावर आणि दुसरा सुटण्याआधी खिडकी क्षणभर मोकळी हवी. १/६० म्हणजे १६.७ मिलिसेकंद, तेव्हा प्रवास त्याच्या बराच आत बसला पाहिजे. दुसरीकडे अकरा-साडेअकराला हा पडदा उसळतो हे आत्ताच पाहिलं होतं. या दोन्हींच्या मध्ये जिथे यंत्र शांत वाटलं तिथे थांबलो.

शेवटचं मोजमाप: डायलवर १/१०००, प्रत्यक्षात सुरुवातीला १.२ मिलिसेकंद, शेवटाला १.१, म्हणजे सरासरी १/८५० च्या आसपास. १/५०० ला २.२. बाकी सगळे स्पीड पाव स्टॉपच्या आत. घासलेले स्क्रू बदलून माझ्याकडच्या एका मेलेल्या के-१००० चे लावले.

सरांनी पुढचा रोल पन्हाळ्यावरच काढला, मुद्दाम पहाटे, मुद्दाम १/१००० ला, आणि निगेटिव्ह घेऊन आले. कडेपासून कडेपर्यंत सारखी घनता. मग त्यांचा प्रश्न आलाच: “ते ८५० आहे ना, जरासं पिळून बरोबर हजार नाही का करता येणार?”

नाही म्हटलं. ८५० आणि हजार यांत पाव स्टॉपसुद्धा पुरता नाही, कृष्णधवल निगेटिव्हला त्याची जाणीवही होत नाही. स्लाइड फिल्म वापरत असते तर बोललो असतो. पिळलं तर आकडा सुंदर दिसेल, पण उसळी परत येईल की नाही याची मी हमी देऊ शकत नाही. सरांनी मान डोलावली. बिलाच्या मागच्या बाजूला सगळे मोजलेले स्पीड मी लिहून दिले होते. तो कागद त्यांनी कॅमेऱ्याच्या केसमध्ये घडी करून ठेवला, आणि जाता जाता विचारलं की शाळेत लावलेल्या त्या फोटोसारखं आकाश आता हवं असेल तर कुठला फिल्टर घ्यायचा. लाल घ्या म्हटलं. तो तीन स्टॉप खातो, तेव्हा १/१००० ची गरजच पडणार नाही.